आधी वेदी, मग मंदिर: प्राचीन ग्रीक देवस्थानाचा कारभार

ऑलिम्पियातलं झ्यूसचं, म्हणजे ग्रीक देवांच्या राजाचं, मोठं मंदिर इ.स.पू. ४५६ च्या आसपास बांधून पुरं झालं. तिथल्या खेळांची सुरुवात परंपरेने इ.स.पू. ७७६ मानतात. म्हणजे जवळपास ३२० वर्षं ग्रीसभरातून माणसं झ्यूससाठी तिथे येत होती, बैल कापत होती, शर्यती पळत होती, आणि झ्यूसला स्वतःचं असं मोठं मंदिर नव्हतं. त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, कारण वेदी होती.

ग्रीक देवस्थान समजून घ्यायचं तर हे आधी डोक्यात पक्कं करावं लागतं. मुख्य पूजा मंदिरात होत नसे; ती मंदिरासमोर, उघड्यावर, वेदीपाशी होत असे. मंदिर हे मूर्तीचं घर आणि देवाच्या मालमत्तेचं कोठार. सभामंडप, रांग, गाभारा, दर्शन हा आपल्या सवयीचा क्रम घेऊन तिथे गेलं की सगळंच उलटं दिसायला लागतं. एवढ्या भव्य इमारतीत माणसांना उभं राहायला जागा का नाही, हा प्रश्न त्यातूनच येतो. उत्तर सरळ आहे: माणसं बाहेर असायची.

हद्द आणि शुद्धता

देवस्थान सुरू होतं ते जमीन वेगळी काढण्यापासून. या वेगळ्या काढलेल्या जमिनीला ‘टेमेनोस’ म्हणत. हद्दीवर अक्षरं कोरलेले दगड रोवत, ऐपत असेल तर भिंत घालत. आत एखादा झरा, एखादं झाड, एक वेदी एवढं असलं तरी देवस्थान पूर्ण. प्रवेशापाशी उंच बैठकीवर पाण्याचं दगडी पात्र असे. त्यातलं पाणी अंगावर शिंपडून आत जायचं.

पण नुसत्या पाण्याने भागत नसे. जन्म, मृत्यू, संभोग आणि रक्तपात यांचा विटाळ मानत, आणि किती काळ मानायचा ते दगडावर कोरून लावलेलं असे. पर्गामॉनमधल्या अथीनाच्या देवस्थानाचा नियम सांगतो की स्वतःच्या नवऱ्याशी किंवा बायकोशी संग झाला असेल तर आंघोळ करून त्याच दिवशी आत यावं. परक्याशी झाला असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं. नियम नैतिकतेपेक्षा हिशेबाच्या भाषेत आहे, हे मला त्यातलं सगळ्यात ग्रीक वाटतं.

हद्दीच्या आत कुणी जन्मू नये आणि मरू नये, हा नियम तर फार कडक. इ.स.पू. ४२६ च्या हिवाळ्यात अथेन्सवाल्यांनी डेलॉस हे सगळं बेटच शुद्ध करायला घेतलं. तिथल्या कबरी उकरून काढल्या आणि मरणाला टेकलेल्यांना व बाळंतिणींना शेजारच्या रेनिया बेटावर नेण्याचा हुकूम काढला. त्याआधी काही दशकं स्पार्टात याच नियमाचा एक क्रूर पेच उभा राहिला होता. पॉसेनियस या सेनानीवर फितुरीचा आळ आला आणि अटक टाळायला तो अथीनाच्या देवस्थानातल्या एका लहान इमारतीत शिरला. शरणागताला ओढून बाहेर काढणं पाप, म्हणून अधिकाऱ्यांनी छप्पर उतरवलं, दारं चिणली आणि त्याला उपाशी ठेवलं. तो शेवटच्या घटका मोजतोय असं दिसताच घाईने बाहेर आणलं, कारण आत मेला असता तर जागा बाटली असती. बाहेर आणताच तो मेला. नियमाचा शब्द पाळला गेला, पण डेल्फीच्या देववाणीला हे पटलं नाही. तिने स्पार्टाला दोषी धरलं आणि एका देहाच्या बदल्यात दोन द्यायला सांगितलं. स्पार्टाने दोन काशाच्या मूर्ती उभारून ती भरपाई केली.

या नियमाचा जाच आजारी माणसांना सर्वात जास्त व्हायचा. एपिडॉरसला आस्क्लेपियस या आरोग्यदेवाकडे मरणासन्न लोक येत आणि हद्दीच्या आत मरायची मुभा नसल्याने उघड्यावर मरत. इ.स. दुसऱ्या शतकात अँटोनायनस नावाच्या रोमन सिनेटरने हद्दीबाहेर खास इमारत बांधून दिली, तेव्हा मरणाऱ्यांना आणि बाळंतिणींना निदान छप्पर मिळालं.

वेदी

वेदी साधारणपणे मंदिराच्या पूर्वेला, दारासमोर असते. मंदिराचं दार पूर्वेकडे, म्हणजे दार उघडलं की मूर्तीला समोरचा यज्ञ दिसणार. अपवाद आहेत, बॅसीचं अपोलोचं मंदिर उत्तरेकडे तोंड करून आहे, पण तिथेही गाभाऱ्याला पूर्वेकडे एक जादा दार ठेवलंय.

आकार वाटेल तसे. कुठे कंबरेएवढा एकच दगड, तर सिसिलीत सिराक्यूजला राजा दुसरा हिएरॉन याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात बांधलेली वेदी सुमारे १९८ मीटर लांब. तिचा खडकात कोरलेला पाया आजही आहे. ऑलिम्पियाची वेदी तर दगडाची नव्हतीच, ती राखेची होती. इ.स. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस (वरच्या सेनानीचा हा नुसता नामबंधू) तिची मापं देतो: खालच्या चौथऱ्याचा घेर १२५ फूट, एकूण उंची २२ फूट. जनावर खालच्या चौथऱ्यावर कापायचं, मांड्या वरच्या टोकाला नेऊन जाळायच्या. खालच्या पायऱ्या दगडी, वरच्या राखेच्याच. वर्षातून एकदा, एलाफिऑस महिन्याच्या १९ तारखेला, भविष्यवेत्ते शहराच्या अग्निगृहातली राख आणत, आल्फियोस नदीच्या पाण्यात कालवत आणि वेदीवर लिंपत. दुसऱ्या नदीचं पाणी चालत नसे. सरपण फक्त पांढऱ्या पॉप्लरचं, आणि ते ठरलेल्या दराने पुरवायला देवस्थानाचा नेमलेला लाकूडवाला असे. शतकानुशतकं राखेवर राख चढून झालेल्या या वेदीचा आज मागमूसही नाही. संगमरवर उरला आणि ज्यासाठी सगळं उभं होतं ते वाहून गेलं.

बळी, पायरीपायरीने

जनावर धडधाकट आणि अव्यंग हवं. लंगडं, एका डोळ्याचं, खूर फुटलेलं चालत नाही. गाय-बैल महाग, म्हणून घरगुती बळी बहुतेक वेळा मेंढी, बकरा किंवा डुक्कर. जनावराला फिती आणि माळा घालून मिरवणुकीने आणायचं. पुढे एक मुलगी डोक्यावर टोपली घेऊन चालते. टोपलीत जव आणि जवाखाली सुरी झाकलेली.

वेदीशी आल्यावर सगळ्यांनी हात धुवायचे. मुख्य माणूस प्रार्थना म्हणतो, जमलेले लोक मूठभर जव पुढे फेकतात. मग जनावराच्या कपाळावरचे थोडे केस कापून आगीत टाकतात. विधीला इथून सुरुवात झाली. डोक्यावर पाणी शिंपडलं की जनावर मान हलवतं, आणि ती त्याची संमती, असं जुन्या ग्रंथांत येतं. आजचे बरेच अभ्यासक या ‘संमती’ला फार महत्त्व देत नाहीत, कारण मोठ्या बैलांच्या पायांना दोर आणि जमिनीत कडी असल्याचे पुरावेही आहेत. बैल आधी कुऱ्हाडीने पाडत, मग गळा चिरत. त्या क्षणी बायका एकदम तीक्ष्ण स्वरात ओरडत. रक्त भांड्यात धरून वेदीवर शिंपडत.

पुढचं काम खाटकाचं. कातडं काढून पोट उघडायचं आणि काळीज, म्हणजे यकृत, आधी तपासायचं. त्याचा एक ठरावीक लोंबता भाग नसेल तर फार मोठा अपशकुन. देवाचा वाटा ठरलेला: मांडीची हाडं सोलून चरबीत गुंडाळायची, त्याबरोबर माकडहाड आणि शेपूट, आणि हे वेदीवर जाळायचं. वरून मद्याची धार. चरबीमुळे ज्वाळा उंच उठते, तो चांगला संकेत. शेपूट आगीत वर वळली तर देव प्रसन्न. उष्णतेने आतले स्नायू आणि कंडरा आकसल्या की ती वळतेच. अभ्यासकांनी बैलाची शेपूट आगीवर धरून हे पडताळून पाहिलंय. त्यामुळे शकुन सहसा चांगलाच निघायचा. लाकूड ओलं असलं, आग मंद पडली, तर मात्र पंचाईत.

देवाला हाडं आणि माणसाला मांस, ही वाटणी ग्रीकांनाही खटकत होती. प्रॉमेथियसने झ्यूसला चरबीखाली झाकलेली हाडं देऊन फसवलं, ही कथा त्याचा खुलासा म्हणून सांगितली जायची. वेदींजवळच्या राखेत सापडणारी जळकी हाडं मोजली तर ती बहुतेक मांड्यांची आणि शेपटीची निघतात, म्हणजे कथा आणि उत्खनन इथे जुळतं.

काळीज, हृदय, फुप्फुसं सळईवर भाजून वेदीजवळच्या मोजक्या लोकांनी तिथेच खायची. उरलेलं मांस मोठ्या कढयांत उकडून वाटायचं. पुजाऱ्याचा हक्क वेगळा, बहुधा एक तंगडी आणि कातडं. अथेन्समध्ये अथीना नायकीच्या पुजारिणीचा पगार दगडावर कोरलेला आहे: वर्षाला ५० द्राख्मा (चांदीची नाणी), शिवाय सार्वजनिक बळींच्या तंगड्या आणि कातडी. कातडं ही किरकोळ बाब नव्हती. अथेन्सने इ.स.पू. ३३० च्या दशकात सणांमधली कातडी विकून किती पैसे आले याचे सरकारी हिशेब कोरून ठेवले आहेत.

वाटपाचाही कायदा असे. त्याच काळातल्या एका ठरावात धाकट्या पॅनअथेनिया सणासाठी ४१ मिना, म्हणजे ४,१०० द्राख्मांच्या गायी घ्यायच्या असं ठरलं. मांस वाटायचं ते वस्तीवार, आणि ज्या वस्तीने मिरवणुकीत जितकी माणसं पाठवली तितका तिचा वाटा. मिरवणुकीला गर्दी जमवायचा याहून खात्रीचा उपाय अजून निघालेला नाही.

काही ठिकाणी मांस घरी न्यायला बंदी असे. जे खायचं ते हद्दीच्या आत. म्हणून भोजनगृहं लागत. ती उत्खननात ओळखायची खूण सोपी आहे: चौकोनी खोली आणि दार मधोमध नसून एका बाजूला सरकलेलं. ग्रीक लोक पलंगावर आडवे होऊन जेवत आणि पलंग भिंतीला लागून एकापुढे एक ठेवत. ते नीट बसवायचे तर दार मध्यावर ठेवून चालत नाही. अशा खोलीत सहसा ७ किंवा ११ पलंग मावतात. ब्रॉरॉनला आर्टेमिसच्या देवस्थानात ११ पलंगांच्या खोल्यांची सलग ओळ आहे.

मंदिर: घर, कोठार आणि कधीकधी पेढी

आता इमारत. पुढचा ओटा, मधली मूर्तीची खोली, पाठीमागे आणखी एक ओटा किंवा बंद खोली, आणि या सगळ्याभोवती खांबांची रांग. खिडक्या जवळजवळ नाहीत, उजेड दारातून. अथेन्समधल्या पार्थेनॉन या अथीनाच्या मंदिराच्या पूर्वेकडील भिंतीत दाराच्या दोन्ही अंगांना खिडक्या होत्या, हा अपवादच.

पार्थेनॉनच आणखी एका बाबतीत अपवाद आहे. जगातलं सर्वात प्रसिद्ध ग्रीक मंदिर, पण त्याची स्वतःची वेदी सापडलेली नाही. अक्रोपोलिसवरची, म्हणजे पार्थेनॉन जिथे आहे त्या टेकडीवरची, अथीनाची मोठी वेदी जुन्या पूजेची. सणाला नवं वस्त्र चढायचं तेही फिडियसने घडवलेल्या सोन्या-हस्तिदंताच्या उत्तुंग मूर्तीला नव्हे, तर ऑलिव्हच्या लाकडाच्या जुन्या लहान मूर्तीला. मोठ्या मूर्तीवर ४० टॅलेंट सोनं होतं, म्हणजे हजार किलोच्या वर, आणि ते काढता येईल असं बसवलेलं होतं. अथेन्सचा नेता पेरिक्लीझ याने युद्धाच्या तोंडावर खर्चाची बाजू मांडताना हे सोनं चक्क हिशेबात धरलं: गरज पडली तर काढा, नंतर परत बसवा.

देवस्थानं पैसे व्याजाने देत. अथेन्सने अथीनाकडून घेतलेल्या कर्जाचा दर आधी ६ टक्के होता, स्पार्टाशी चाललेलं पेलोपोनेशियन युद्ध लांबलं तसा १.२ टक्क्यांवर आणला. डेलॉसचा अपोलो मात्र १० टक्क्यांखाली सहसा येत नसे.

मूर्तीची निगा हा स्वतंत्र विषय. ऑलिम्पियाची जागा दमट, म्हणून हस्तिदंताला जपण्यासाठी तेल. झ्यूसच्या मूर्तीसमोर काळ्या दगडाची, कडेला संगमरवरी काठ असलेली फरशी होती, ओतलेलं तेल तिच्यात थांबायचं. अक्रोपोलिस उंच आणि कोरडं, म्हणून तिथे पाणी. अथेन्सची जुनी लाकडी मूर्ती वर्षातून एकदा वस्त्रं उतरवून धुण्यासाठी झाकून ठेवत. तो दिवस अशुभ मानत आणि त्या दिवशी महत्त्वाचं काम कुणी सुरू करत नसे.

सर्वात मोठी भीती आगीची. भिंती दगडी, पण छताचे वासे आणि तुळया लाकडी, आत कापड, माळा, तेल. इ.स.पू. ४२३ मध्ये आर्गॉसजवळचं हेराचं मंदिर जळालं, कारण क्रिसिस या पुजारिणीने पेटता दिवा सुकलेल्या माळांजवळ ठेवला आणि ती झोपी गेली. ती त्या रात्रीच फ्लिअसला पळाली. आर्गॉसवाल्यांनी नियमाप्रमाणे नवी पुजारीण नेमली. तेव्हा क्रिसिसच्या सेवेचं ५६ वं वर्ष अर्धं सरलं होतं.

नवस आणि दान

देवाला दिलेली वस्तू देवाची झाली, ती परत बाहेर जात नाही. हे तत्त्व ऐकायला साधं आहे, पण त्याने देवस्थानाचा सगळा पसारा ठरतो. भाले, ढाली, कढया, मातीच्या बाहुल्या, बरे झालेल्या अवयवांच्या प्रतिकृती. कॉरिंथला आस्क्लेपियसला वाहिलेले मातीचे हात, पाय, कान, स्तन ढिगाने सापडले आहेत. जागा भरली की जुन्या वस्तू हद्दीच्या आतच खड्डा खणून पुरायच्या. इराण्यांनी इ.स.पू. ४८० मध्ये अक्रोपोलिस उद्ध्वस्त केल्यावर फुटलेल्या मूर्ती अथेन्सवाल्यांनी तिथल्याच भरावात घातल्या, म्हणून १८८० च्या दशकात त्या रंगाच्या खुणांसकट हाती लागल्या. धातूच्या वस्तू वितळवून नवं पात्र करता येई, पण त्याला सभेचा ठराव, समिती आणि प्रत्येक वस्तूच्या वजनाची व दात्याच्या नावाची यादी लागे.

मोठे दाते खांबच देत. आजच्या तुर्कस्तानातल्या युरोमॉसला झ्यूसच्या मंदिराच्या खांबांवर चौकटीत दात्यांची नावं आहेत. हीच रीत लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यात दिसते. तिथले काही खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दिल्याचं ब्राह्मी लेख सांगतात. हे दाते सगळे वंशाने ग्रीक होते असं धरून चालत नाही, त्यांची नावंही बहुतेक भारतीय वळणाची आहेत. पण पश्चिमेशी चालणाऱ्या व्यापाराच्या वाटेवरची ती माणसं होती.

खांब उभे कसे राहतात

आधी जोतं, तीन पायऱ्यांचं. या पायऱ्या माणसाच्या पावलाच्या नाहीत. पार्थेनॉनच्या प्रत्येकी सुमारे अर्धा मीटर उंच आहेत. त्या इमारतीच्या मापात बसवलेल्या आहेत, म्हणून दारासमोर मध्ये छोट्या पायऱ्या किंवा ऑलिम्पियासारखी उताराची वाट द्यावी लागते.

खांब बहुधा अखंड नसतो. पार्थेनॉनचा सुमारे १०.४ मीटर उंच खांब साधारण १० ते १२ गोल ठोकळ्यांचा आहे. ठोकळ्यांमध्ये चुना किंवा गिलावा नाही. प्रत्येकाच्या मध्यात चौकोनी खाच, तिच्यात लाकडी ठोकळी, आणि वरच्या-खालच्या ठोकळीला जोडणारी लाकडी खुंटी. त्यामुळे मध्य जुळतो. कडेचा पट्टा तेवढा गुळगुळीत घासायचा, आतला भाग किंचित खोल आणि खडबडीत सोडायचा. पूर्ण पृष्ठभाग घासत बसलं तर मेहनत वाया, आणि एखादा उंचवटा राहिला तर कडेला फट दिसते. भिंतीच्या दगडांना आडवे लोखंडी क्लॅम्प घालून वरून वितळलेलं शिसं ओतत. शिसं लोखंडाला पाणी लागू देत नाही आणि भूकंपाचा हिसका थोडा पचवतं.

खांबावरच्या उभ्या पन्हळी, डोरिक या साध्या, जुन्या शैलीत बहुधा २०, सर्वात शेवटी कोरत. आधी कोरल्या तर चढवताना कडा उडतात. पण तळाशी आणि वरच्या टोकाला थोडी पन्हळ आधीच कोरून ठेवत, पाथरवटाला मधली रेघ साधायला. रॅम्नसला नेमेसिसच्या मंदिरात काम इथेच थांबलंय: टोकांना पन्हळी, मधलं अंग सपाट. सिसिलीत सेजेस्टाला खांबांना पन्हळी नाहीतच, आणि जोत्याच्या दगडांवर दोर अडकवायचे उंचवटेही छाटायचे राहिलेत. पैसा संपला किंवा युद्ध आलं की शेवटची कामं अशी अडकतात, आणि आपल्याला बांधकामाची पद्धत फुकटात कळते.

डोरिक शैलीत एक जुनी गणिती अडचण आहे. खांबांच्या वरच्या पट्टीत तीन उभ्या दांड्यांचा एक ठोकळा (ट्रायग्लिफ) आणि एक चौकोनी फळी (मेटोपी) असे आळीपाळीने येतात. नियम दोन: प्रत्येक खांबाच्या बरोबर मध्यावर एक ट्रायग्लिफ हवा, आणि पट्टीच्या अगदी कोपऱ्यावरही ट्रायग्लिफच हवा. पण खालची तुळई ट्रायग्लिफपेक्षा जाड असते, त्यामुळे कोपऱ्यावरचा ट्रायग्लिफ खांबाच्या मध्यावर येऊच शकत नाही. तो कोपऱ्यात ढकलला की शेजारची मेटोपी फुगते. उपाय म्हणून कोपऱ्याचा खांब आत सरकवत, म्हणजे शेवटचं अंतर इतरांपेक्षा कमी. पार्थेनॉनमध्ये ते केलंच, शिवाय कोपऱ्याचे खांब किंचित जाडही केले. तिथलं जोतं सपाट नाही, सुमारे ३०.९ मीटरच्या आखूड बाजूवर ते मध्यात ६ सेंटिमीटरने आणि ६९.५ मीटरच्या लांब बाजूवर ११ सेंटिमीटरने वर फुगलेलं आहे. पावसाचं पाणी निघून जातं हा त्याचा रोकडा फायदा. किंमतही रोकडी: कुठलेच दोन दगड अदलाबदल करता येत नाहीत, प्रत्येकाचा कोन वेगळा.

खर्चाचा सर्वात चांगला हिशेब एपिडॉरसचा. आस्क्लेपियसचं मंदिर इ.स.पू. चौथ्या शतकात ४ वर्षं ८ महिने १० दिवसांत झालं. मुख्य स्थपती थिओडोटॉस याला वर्षाला ३५३ द्राख्मा, म्हणजे दिवसाला जेमतेम एक. खाणकाम, वाहतूक, खांब, छत अशी कामं तुकड्यातुकड्याने ठेक्याने दिली. प्रत्येक ठेकेदाराला जामीनदार हवा आणि उशीर झाला तर दंड. याउलट डेल्फी: इ.स.पू. ३७३ मध्ये अपोलोचं मंदिर कोसळलं, वर्गणी गोळा होत होती, तेवढ्यात शेजारच्या फोकिसवाल्यांनी देवस्थानच ताब्यात घेतलं आणि खजिना वितळवून भाडोत्री सैन्य पोसलं. नवं मंदिर व्हायला चाळीसेक वर्षं गेली.

झोपून बरं होणं, आणि इतर

धर्मशाळा, खजिनागृहं, नाट्यगृह, धावपट्टी या सोयींवर फार थांबत नाही. एपिडॉरसच्या धर्मशाळेत १६० खोल्या होत्या, एवढं सांगून पुरे. ऑलिम्पियाला मात्र भर उन्हाळ्यात गर्दी, पाणी कमी आणि रक्तमांसाचा सडा, त्यामुळे माश्या हाकलणाऱ्या झ्यूसला वेगळा बळी द्यावा लागे.

ओरोपॉसच्या अँफिअरॅऑस या वैद्य-वीराच्या देवस्थानाचा कायदा मात्र वाचण्यासारखा आहे. रुग्णाने निदान ९ ओबॉलचं (दीड द्राख्माचं) चांगलं नाणं दानपेटीत टाकायचं. त्याचं नाव आणि गाव देवस्थानाच्या सेवकाने फळीवर लिहून सर्वांना दिसेल असं लावायचं. रात्री शयनगृहात पुरुषांनी वेदीच्या पूर्वेला, बायकांनी पश्चिमेला झोपायचं आणि स्वप्नाची वाट पाहायची. मांस बाहेर न्यायचं नाही. पुजाऱ्यालाही अट आहे: हिवाळा संपल्यापासून नांगरणीच्या दिवसांपर्यंत सलग ३ दिवसांहून अधिक गैरहजर राहायचं नाही आणि महिन्यातले निदान १० दिवस हजर असायचं. ज्या अर्थी हे कोरावं लागलं, त्या अर्थी पुजारी गायब होत असणार.

डेल्फीला देववाणी महिन्याच्या ७ तारखेला मिळे, हिवाळ्याचे तीन महिने बंद. आधी बोकडावर गार पाणी ओतायचं. तो खुरापासून थरथरला तरच पुढे जायचं. प्लुटार्क हा ग्रीक लेखक तिथे पुजारी होता. तो एक प्रसंग नोंदवतो: परदेशी पाहुणे आले होते, बोकड थरथरेना, पुजाऱ्यांनी त्याला पाण्याने न्हाऊ घालून कसंबसं थरथरायला लावलं. अनिच्छेने आत गेलेली पिथिया, म्हणजे देववाणी सांगणारी पुजारीण, किंचाळत बाहेर पळाली आणि काही दिवसांत वारली.

एल्युसिस हे उलटं उदाहरण. डेमेटर या देवीचा दीक्षाविधी गुप्त, म्हणून तो छपराखालीच हवा. तिथली वास्तू सुमारे ५१ मीटर चौरस, आत ४२ खांबांचं रान आणि भिंतींना लागून बसायच्या पायऱ्या. काही हजार माणसं आत मावायची. विधी आत गेला की इमारतीचा आकार लगेच बदलतो, हे इथे स्वच्छ दिसतं.

वेदी विझल्यावर

इ.स. ३९१-३९२ मध्ये सम्राट थिओडोसियसने बळी आणि मंदिरपूजा बंद केली. पार्थेनॉनचं पुढे चर्च झालं आणि इमारत अक्षरशः फिरवावी लागली: पूर्वेचं मूळ दार अर्धगोल भिंतीने बंद झालं, प्रवेश पश्चिमेकडून सुरू झाला. चर्चला आत बसणारी मंडळी हवी होती आणि त्यांचं तोंड पूर्वेला हवं होतं. नंतर तिथे मशीद झाली, आणि १६८७ मध्ये तुर्कांनी आत साठवलेल्या दारूगोळ्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडून मधला भाग उडाला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पडलेले खांब पुन्हा उभे केले. त्याने लोखंड वापरलं, पण प्राचीन पाथरवटांसारखं शिशात नीट बुडवलं नाही. लोखंड गंजलं, फुगलं आणि संगमरवर आतून फोडू लागलं. शिवाय दगड मूळ जागी न बसवता जिथे जमेल तिथे बसवले होते, आणि वर सांगितल्याप्रमाणे तिथे कुठलाच दगड दुसऱ्याच्या जागी बसत नाही. १९७५ नंतर सुरू झालेल्या कामात ते लोखंड काढून टायटॅनियमच्या कांबी घातल्या जातात, आणि प्रत्येक दगडाची मूळ जागा मापं घेऊन शोधली जाते. आज खांबांमध्ये अधूनमधून जास्त पांढरे दिसणारे तुकडे आहेत, ते त्याच पेंटेली डोंगरातल्या नव्या दगडाचे. जुन्याला छाटायचं नाही, नव्यालाच जुन्याच्या फुटलेल्या कडेबरहुकूम कोरायचं, असा तिथला नियम आहे.